आयांनी फेकलं ते महागलं

अमेरिकेत जुन्या बेसबॉल कार्डांना आज जे भाव येतात, त्यांचं निम्मं श्रेय इथल्या आयांना जातं. पन्नास-साठच्या दशकात पोरं बबलगमच्या पुडीतून निघणारी कार्डं जमवायची, भिंतीवर टोलवून जिंकायची-हरायची, सायकलच्या तारांत अडकवून फटफटीचा आवाज काढायची. मग पोरगा कॉलेजला नाहीतर सैन्यात गेला की आई त्याची खोली आवरायला घ्यायची आणि बुटांच्या खोक्यातली कार्डं कचऱ्याच्या गाडीत जायची. इथल्या सत्तरी ओलांडलेल्या कुठल्याही गृहस्थाला विचारा, तो आईचं नाव घेऊन उसासा टाकेल. पण अशा आयांनी टाकली म्हणूनच जी उरली त्यांना किंमत आली.

मीही आईच, पण मराठी. श्रीखंडाचा रिकामा डबासुद्धा मी टाकत नाही. माझ्या मुलानं १९८८ ते १९९३ या काळात जमवलेली कार्डं न्यू जर्सीतल्या आमच्या बेसमेंटमध्ये अकरा लांबोडक्या खोक्यांत तीस वर्षं नीट ठेवली होती. गेल्या वर्षी घर विकून लहान जागेत जायचं ठरलं तेव्हा टेक्सासला मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, तुला काय करायचं ते कर. फक्त फेकू नकोस." म्हणजे विकणं आलं. त्या निमित्तानं या धंद्यातलं जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण आमच्या मंडळातल्या निदान पाच-सहा घरांत अशीच खोकी असतील.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं. हे कार्ड अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची आकडेवारी. आपल्याकडे बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं यायची, साधारण तोच प्रकार. फरक एवढाच की इथे त्याचा पुढे बाजार झाला, दलाल आले, लिलाव आले आणि अर्थातच लबाड्याही आल्या.

संग्रह हातात आला की सगळ्यात आधी साल बघायचं. खेळाडू कोण, ते नंतर. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात कॉपीराइटचं साल असतं. ते सापडलं नाही तर आकडेवारीतलं शेवटचं वर्ष बघा आणि त्यात एक मिळवा: १९८८ पर्यंतचे आकडे असतील तर कार्ड बहुधा १९८९ चं. एवढ्यानं निम्मं काम होतं. १९७० च्या आधीची कार्डं असतील तर हात लावण्याआधी जाणकाराला दाखवा, रद्दीत एकही जाऊ देऊ नका. साधारण १९८७ ते १९९४ मधली असतील तर मन घट्ट करा.

असं का, त्याला इतिहास आहे. १९५६ पासून जवळपास पंचवीस वर्षं बेसबॉल कार्डांत टॉप्स या कंपनीची मक्तेदारी होती. १९८० मध्ये कोर्टाच्या निकालानं ती मोडली आणि १९८१ पासून फ्लीअर आणि डॉनरस बाजारात उतरल्या. १९८८ ला स्कोअर आली, १९८९ ला अपर डेक. त्याच सुमाराला जुन्या कार्डांच्या किमतींच्या बातम्या वर्तमानपत्रांत यायला लागल्या. जेम्स बेकेट नावाच्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकानं भावांचं मासिक काढलं होतं, ते पोरांच्या दप्तरात दिसायला लागलं. वडील मंडळींनी हिशेब मांडला: साठ सालचं कार्ड आज शेकडो डॉलरला जातं, तर आजचं तीस वर्षांनी का जाणार नाही? आमच्या ह्यांनीही मुलाच्या कॉलेजची सोय म्हणून सबंध सेट घेऊन ठेवले, खोक्याचं सीलसुद्धा फोडू दिलं नाही. असा हिशेब लाखो घरांत झाला. कंपन्यांनी मागणी येईल तितकी कार्डं छापली, सगळ्यांनी जपली, आणि एकाही आईनं फेकली नाहीत. मग १९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, रद्द झाली आणि चाहते चिडून बाजूला झाले. जमवणारे त्या काळाला 'जंक वॅक्स' म्हणतात. पुड्यांचा कागद मेणाचा असायचा म्हणून वॅक्स. जंक का, ते वेगळं सांगायला नको. त्यातल्या बहुतेक सेटना आज तेव्हा मोजलेले पैसेही येत नाहीत.

याच्या उलट १९५२ च्या टॉप्सची गोष्ट. मिकी मॅन्टल या बेसबॉलपटूचं ३११ नंबरचं कार्ड त्या सेटच्या शेवटच्या हप्त्यात होतं. तो हप्ता बाजारात आला तेव्हा बेसबॉलचा हंगाम सरत आलेला, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे. माल पडून राहिला. १९६० च्या सुमाराला, गोदाम रिकामं करायला, टॉप्सच्याच साय बर्जर यांनी तो बार्जवर चढवून अटलांटिकमध्ये बुडवला. इथे आईचं काम खुद्द कंपनीनंच केलं! त्याच कार्डाची एक प्रत १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला विकली गेली होती. ती ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेज या लिलावगृहात १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. ही बातमी वाचून लोक बेसमेंटकडे धावतात. धावण्याआधी साल बघावं.

जंक काळात आणि त्याच्या उंबरठ्यावरही अपवाद आहेत, पण बोटांवर मोजण्याइतके. १९८६ च्या फ्लीअर बास्केटबॉल सेटमधलं मायकल जॉर्डनचं ५७ नंबर. १९९३ च्या एसपी सेटमधलं डेरेक जीटरचं चकचकीत कार्ड, ज्याच्या कडा नुसत्या बघितल्या तरी खरवडतात. १९९० च्या टॉप्समध्ये फ्रँक थॉमसचं नाव छापायचं राहून गेलेली काही कार्डं निघाली, त्यांनाही चांगला भाव आहे. आणि १९८९ चं बिली रिपकनचं फ्लीअर, ज्यात त्याच्या बॅटच्या बुडावर मुलांसमोर मोठ्यानं वाचता येणार नाही अशी शिवी स्पष्ट दिसते. कंपनीला उशिरा कळलं, मग तिनं कुठे काळा चौकोन, कुठे पांढरा रंग, कुठे रेघोट्या असे झाकायचे उपाय केले. त्यामुळे त्याच्या अर्धा डझन तऱ्हा झाल्या आणि सगळ्या जमवणारे शौकीन आजही आहेत. आमच्याकडे काळ्या चौकोनवालं निघालं. मुलानं ते त्या वयात मला कधी दाखवलं नव्हतं.

साल जमलं की पुढचा प्रश्न अवस्थेचा, आणि नवखा माणूस इथेच फसतो. आपल्याला 'नवंकोरं' वाटणारं कार्ड बाजाराच्या लेखी क्वचितच नवंकोरं असतं. चार गोष्टी बघतात: चित्र चारी बाजूंनी मधोमध आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा शाबूत आहेत का, पृष्ठभागावर ओरखडा किंवा सुरकुती आहे का. भिंग घ्या, दिव्याखाली तिरकं धरून बघा. मुलानं आपल्या आवडत्या खेळाडूंची गड्डी रबरबँड लावून ठेवली होती. म्हणजे ज्यांना भाव होता नेमकी त्यांच्याच कडेला खाच. कार्ड पुसायचा मोह आवरा, कोपरा दाबून सरळ करू नका आणि कडेला कात्री तर अजिबात लावू नका.

कात्रीवरून आठवलं. या छंदातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं, १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटातून आलेलं. वॅग्नरनं ते छापणं थांबवायला लावलं. कोणी म्हणतं पोरांनी त्यापायी तंबाखू घेऊ नये म्हणून, कोणी म्हणतं पैसे मिळाले नाहीत म्हणून. त्यामुळे फार थोडी बाहेर आली. त्यातलं सर्वांत देखणं कार्ड १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदारानं ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. त्याच वर्षी पीएसए ही कार्ड तपासून गुण देणारी कंपनी सुरू झाली आणि तिनं सगळ्यात पहिला दाखला दिला तो याच कार्डाला, गुण दहापैकी आठ. पुढे २००७ मध्ये ते २८ लाखांना विकलं गेलं. आणि २०१३ मध्ये, ज्यानं ते ऐंशीच्या दशकात मिळवून पुढे विकलं होतं त्या बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्यानं फसवणुकीच्या खटल्यात कबूल केलं की मी त्याच्या कडा कापल्या होत्या. तो तुरुंगात गेला. कार्डाचा दिमाख मात्र फारसा उतरला नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

तर हे गुण देणं, म्हणजे ग्रेडिंग. तुम्ही कार्ड कंपनीला पाठवता, ते तपासून एक ते दहा गुण देतात आणि जाड प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. त्या डबीला 'स्लॅब' म्हणतात, ग्रेड न केलेल्या कार्डाला 'रॉ'. पीएसए, बेकेट, एसजीसी, सीजीसी ही ठळक नावं. ग्राहकाला न बघता विश्वास ठेवता येतो, म्हणून भाव वाढतो. पण सरसकट सगळं पाठवायचं नसतं. साधा हिशेब करा. समजा रॉ कार्डाला ४० डॉलर येतात आणि फी, टपाल, विमा धरून ग्रेडिंगला ३० लागतात. नऊ गुण मिळाल्यावर ते ७० लाच जात असेल, तर नऊ मिळून तुम्ही फक्त खटाटोप केलात आणि आठ मिळाले तर खिशातले गेले. फायदा दहा मिळाले तरच. आणि दहा मिळतील असं आईला वाटून उपयोग नाही.

ग्रिफीच्या कार्डानं मला हे शिकवलं. १९८९ मध्ये अपर डेकनं पहिलाच सेट काढला: पांढराशुभ्र जाड कागद, मागे होलोग्रामचा ठिपका, एका पुडीला जवळजवळ डॉलरभर किंमत. पहिल्या नंबरला त्यांनी केन ग्रिफी ज्युनियर या १९ वर्षांच्या पोराला घेतलं. तो मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळला नव्हता, म्हणून दुसऱ्या संघाच्या फोटोवर सिॲटल संघाची टोपी रंगवून घातली. पोरगा पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. कार्ड पहिल्या नंबरचं, म्हणजे छापील तावाच्या कोपऱ्यात, त्यामुळे कित्येकांचे कोपरे कारखान्यातच दुमडले. आमच्याकडे दोन निघाली आणि मी मनातल्या मनात स्वयंपाकघराच्या फरशा बदलल्या. मग कळलं, पीएसएनं दहा गुण दिलेलीच चार हजारांहून जास्त आहेत. ती महाग जातात खरी, पण आमच्या दोन्हींचे कोपरे बोथट. तशा रॉ कार्डाला शंभराच्या आतच मिळतात.

किती मिळतात हे कुठे बघायचं? ईबेवर, पण मागितलेली किंमत बघू नका. पन्नास हजार कोणीही मागू शकतो. 'सोल्ड आयटम्स' हा गाळणा लावला की खरोखर विकल्या गेलेल्या कार्डांचे भाव दिसतात. तोच सेट, तोच नंबर, तीच अवस्था असलेल्या अलीकडच्या पाच-सात विक्र्या काढायच्या, सगळ्यात वरची आणि खालची सोडून द्यायची. यालाच धंद्यातले लोक 'कॉम्प' म्हणतात. घासाघीस होऊन विकलेल्या कार्डाचा खरा आकडा ईबे लपवते, तो १३०पॉइंट या साइटवर सापडतो. कॉम्प ताजे हवेत. करोनाच्या काळात लोक घरात बसले आणि बाजार वेडा झाला. दहा गुणांचं ते १९८६ चं जॉर्डन जानेवारी २०२१ च्या अखेरीला ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं आणि दीडेक वर्षात त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्याही खाली आलं. त्या काळातला भाव डोक्यात धरून बसलेले लोक अजून मला प्रदर्शनांत भेटतात.

आता विकायचं कुठे. सगळे विचारतात, सगळ्यात जास्त पैसे कोण देतं? मी म्हणते, तुम्हाला किती राबायचं आहे ते आधी सांगा. कार्डाच्या किमतीत निवडणं, फोटो काढणं, वर्णन लिहिणं, प्रश्नांना उत्तरं देणं, बांधणं, पोस्टात जाणं, एवढं सगळं धरलेलं असतं. ते तुम्ही केलंत तर त्याचे पैसे तुमचे.

गावातल्या कार्डाच्या दुकानात खोकी नेलीत तर दुकानदार निवडक कार्डांना कॉम्पच्या पन्नास ते सत्तर टक्के देईल, उरलेल्या मामुली कार्डांना, म्हणजे 'कॉमन'ना, हजाराच्या हिशेबानं किरकोळ काही, नाहीतर सरळ नको म्हणेल. आपल्याला वाटतं लुबाडतोय. मलाही वाटलं होतं. पण त्याला दुकानाचं भाडं आहे, माल कधी खपेल त्याचा भरवसा नाही आणि पैसे तो आज रोख देतोय. मात्र एक पाळा: चांगली कार्डं आधी स्वतः ओळखून बाजूला काढा आणि किमान दोघांना दाखवा. सबंध खोकं एकरकमी मागणाऱ्याला विचारा, यातली कुठली कार्डं तुम्हाला आवडली? उत्तर देताना तो कुठे बघतो त्यावरून बरंच कळतं.

शनिवार-रविवारी हॉटेलांच्या हॉलमध्ये किंवा अग्निशमन दलाच्या सभागृहात कार्डांची प्रदर्शनं भरतात. तिथे एका दिवसात दहा व्यापारी भेटतात, म्हणून मला तो मार्ग सगळ्यात आवडला. वर्षातून एकदा उन्हाळ्यात 'द नॅशनल' नावाचा महामेळा भरतो, १९८० पासून. तो मात्र आपल्यासारख्यांना जरा जास्तच होतो.

ईबेवर पैसे जास्त येतात, पण एकूण रकमेच्या तेरा टक्क्यांच्या आसपास तिथे जातात, आणि हे टक्के टपालखर्च नि ग्राहकानं भरलेला कर धरून लागतात. वीस डॉलरच्या आतल्या कार्डांसाठी त्यांचं स्वस्त पाकीट आहे, ट्रॅकिंगसकट, दीड डॉलरच्या आत. बांधणं शिकून घ्या: आधी पातळ पिशवी, ती 'पेनी स्लीव्ह'. मग कडक प्लॅस्टिकचं 'टॉपलोडर'. त्याच्या तोंडावर रंगाऱ्यांची निळी चिकटपट्टी, कारण ती डाग न सोडता निघते. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून बुडबुड्यांचं पाकीट. साधा सेलोटेप लावलात तर ग्राहक शिव्या देतो, आणि रास्त देतो.

फेसबुकच्या गटांत दलाली नाही, पण तिथे गाठ थेट माणसाशी आणि भामटेही त्याच रांगेत उभे. एवढंच लक्षात ठेवा की जो अनोळखी माणूस ओव्हरपेमेंट करून उरलेले परत पाठवा म्हणतो, तो ग्राहक नाही.

हजारोंच्या कार्डांना लिलावगृहं आहेत: डॅलसचं हेरिटेज, आमच्या न्यू जर्सीतलं गोल्डिन. तिथे विजेत्याला बोलीवर साधारण वीस टक्के जादा भरावे लागतात. बातम्यांतल्या आकड्यात बहुधा ते धरलेले असतात, म्हणजे विकणाऱ्याच्या हाती तेवढे पडत नाहीत.

कराचंही बघायला हवं. अमेरिकेत कार्डं 'कलेक्टिबल' धरतात. एका वर्षाहून जास्त ठेवून नफ्यात विकली तर त्या नफ्यावर संघीय कर जास्तीत जास्त २८ टक्के लागू शकतो. शेअरवर ही कमाल मर्यादा २० आहे. नफा म्हणजे विक्रीतून खरेदीची किंमत वजा, म्हणून जुनी पावती सापडली तर टाकू नका (हे आपल्याला सांगावं लागत नाही). वारशानं आलेल्या कार्डांची गोष्ट वेगळी: मूळ खरेदी पाच सेंटची असली तरी हिशेबाला मालक वारला त्या दिवशीची बाजारभावाची किंमत धरतात. म्हणून कोणी गेलं असेल तर त्या सुमाराचे कॉम्प छापून फाइलला लावा. ईबेसारख्या कंपन्या वर्षाला २० हजार डॉलर आणि २०० व्यवहार हे दोन्ही ओलांडले की संघीय १०९९-के फॉर्म, म्हणजे तुम्हाला मिळालेल्या रकमेचा करखात्यासाठीचा कागद, पाठवतात. काही राज्यांनी मर्यादा याहून फार खाली ठेवली आहे. फॉर्म आला नाही म्हणजे कर नाही, असं मात्र नव्हे. मंडळात एक तरी सीपीए, म्हणजे इथला सीए, असतोच, त्याला बटाटेवड्याच्या रांगेत गाठा.

आमचा हिशेब सांगते. अकरा खोक्यांत बारा हजारांच्या वर कार्डं. निवडायला मला आणि ह्यांना तीन आठवडे लागले, संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर, चष्मा आणि भिंग घेऊन. विकण्याजोगी निघाली त्रेसष्ट. त्यातली दोनच ग्रेडिंगला पाठवली, एकाला नऊ मिळाले आणि एकाला सात. एकवीस ईबेवर गेली, बाकीची प्रदर्शनात एकाच व्यापाऱ्यानं घेतली. सगळे मिळून खर्च वजा जाता नऊशेच्या थोडे वर डॉलर आले. कॉलेजच्या सोयीसाठी घेतलेल्या सीलबंद सेटना मूळ किमतीच्या निम्मेही मिळाले नाहीत. मुलाला आकडा सांगितला तर तो हसला आणि म्हणाला, एका सत्राच्या पार्किंगचे तरी निघाले असते.

उरली दहा खोकी. दुकानदाराला नको होती, वाचनालयाला नको होती, दोन शाळांनी नम्रपणे नाही सांगितलं. शेवटी गुरुवारी, कचऱ्याची गाडी यायच्या आदल्या रात्री, ह्यांनी ती फुटपाथच्या कडेला नेऊन ठेवली. मी खिडकीतून बघत होते. साडेनऊला एक व्हॅन थांबली. चाळिशीचा बाप आणि दहाएक वर्षांचा पोरगा उतरले, एक झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात आत बघितलं, आणि दहाच्या दहा खोकी गाडीत चढवून निघून गेले. बहुतेक त्यांच्याही घरी बेसमेंट असावं.